विश्वकिरणांचे साधक : डॉ. विक्रम साराभाई

स्वातंत्र्योत्तर भारताच्या उभारणीत ज्या थोड्या व्यक्तींनी एका आयुष्यात अनेक आयुष्यांचे काम केले, त्यांत डॉ. विक्रम अंबालाल साराभाई यांचे नाव अग्रभागी येते. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु अग्निबाण आणि उपग्रह हा त्यांच्या जीवनाचा उत्तरार्ध होय. त्यांच्या साऱ्या कार्याचे मूळ विश्वकिरणांच्या अभ्यासात होते. अनंत अवकाशातून रात्रंदिवस पृथ्वीवर येणाऱ्या आणि डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या या कणांची त्यांनी वर्षानुवर्षे मोजणी केली. या मोजणीतूनच त्यांचा स्वभाव घडला आणि त्या स्वभावातून संस्था घडल्या.

घराणे आणि संस्कार

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे एका संपन्न जैन कुटुंबात झाला. वडील अंबालालभाई हे कॅलिको मिलचे मालक आणि अहमदाबादच्या कापड उद्योगातील अग्रगण्य पुरुष होते. आई सरलादेवी शिक्षणाच्या बाबतीत काळाच्या पुढे पाहणाऱ्या होत्या. आठ मुलांना रूढ शाळेत न पाठवता त्यांनी शाहीबागेतील आपल्या 'रिट्रीट' या निवासस्थानीच मॉन्टेसरी पद्धतीची शाळा चालविली. भाषा, गणित आणि विज्ञानाबरोबर चित्रकला, संगीत व हस्तव्यवसाय यांनाही त्या शाळेत सारखेच स्थान होते.

साराभाई कुटुंबाची धार्मिकता कर्मकांडापेक्षा आचरणात अधिक दिसे. महात्मा गांधींनी कोचरब येथील आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला प्रवेश दिला तेव्हा आश्रमाची मदत आटली होती. अशा वेळी एक गृहस्थ मोटारीतून आले, तेरा हजार रुपये हाती ठेवून नाव न सांगता निघून गेले. ते अंबालालभाईच होते, असे मानले जाते. पुढे १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध लढा झाला. त्यात गिरणी मालकांचे नेतृत्व अंबालालभाईंकडे होते, तर कामगारांच्या बाजूने गांधीजींसह उभ्या होत्या त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. मतभेद टोकाचे होते, पण बहीणभावांच्या स्नेहात अंतर पडले नाही. समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, हे अनेकान्ताचे तत्त्व विक्रमभाईंना ग्रंथातून शिकण्याआधी घरातच पाहावयास मिळाले.

गुजरात कॉलेजातील शिक्षणानंतर १९३७ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. त्यांच्यासाठी शिफारसपत्र दिले होते ते साराभाई कुटुंबाचे स्नेही गुरुदेव रवींद्रनाथ टागोर यांनी. १९४० साली त्यांनी निसर्गविज्ञानातील ट्रायपॉस परीक्षा पूर्ण केली. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. पुढील संशोधन भारतात राहून करण्याची परवानगी घेऊन ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. त्याच संस्थेत त्या काळी डॉ. होमी भाभाही विश्वकिरणांवर संशोधन करीत होते. दोघांचा स्नेह जडला आणि तो आयुष्यभर टिकला.

विश्वकिरण म्हणजे काय ?

विक्रमभाईंनी निवडलेला विषय समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण ध्यानात येणार नाही. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ उपकरणांसह बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंचीपर्यंत गेले. जमिनीपासून वर जावे तसा किरणोत्सार कमी होईल, अशी तोवर समजूत होती. प्रत्यक्षात तो एका उंचीनंतर वाढत गेला. म्हणजे हे किरण जमिनीतून येत नव्हते, ते अवकाशातून येत होते. या शोधासाठी हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

किरण हे नाव रूढ झाले असले तरी ते मुख्यत्वे कण आहेत. त्यांतील सुमारे नव्वद टक्के प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक, आणि उरलेल्यांत बहुतांश हेलियमची केंद्रके असतात. प्रचंड वेगाने येणारा असा एखादा कण वातावरणाच्या वरच्या थरातील हवेच्या अणूवर आदळतो आणि त्यातून दुय्यम कणांची सर खाली येते. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून दर मिनिटाला साधारणपणे असा एक कण जातो. आपण तळहात पसरून उभे राहिलो, तर दर सेकंदाला एखादा कण त्यातून आरपार जातो आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही.

हे कण कोठून येतात, हा प्रश्न साधा वाटला तरी अत्यंत अवघड आहे. प्रकाश सरळ रेषेत येतो, म्हणून तारा कोठे आहे ते कळते. विश्वकिरण मात्र विद्युतभारित असल्याने वाटेतील चुंबकीय क्षेत्रांमुळे त्यांचा मार्ग वळत राहतो. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्यांच्या मूळ दिशेची खूण पुसली गेलेली असते. पत्र हाती यावे, पण पाठविणाऱ्याचा पत्ता पुसला जावा, तसा हा प्रकार आहे.

मोजणीची साधना

विक्रमभाईंनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. हे कण कोठून निघाले हे कळत नसले, तरी त्यांची संख्या दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या ऋतूंत आणि वर्षांत कशी बदलते, हे मोजता येते. त्या बदलांवरून सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील अवकाशाची स्थिती ओळखता येईल, असा त्यांचा विचार होता. बंगळूर येथे त्यांनी गायगर नळ्या एका रांगेत बसवून उपकरण उभे केले. एकच कण सर्व नळ्यांतून एकदम गेला तरच त्याची नोंद होत असे. त्यामुळे कण कोणत्या दिशेने आला तेही समजत असे. १९४२ साली त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

भारताचे स्थान या कामासाठी विशेष मोलाचे होते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना आत येऊ देत नाही. त्यामुळे येथे पोहोचतात ते केवळ अधिक ऊर्जेचे कण. युरोपातील प्रयोगशाळांना ही सोय नव्हती. विक्रमभाईंनी बंगळूरप्रमाणेच पुण्यातही मोजमापे केली आणि १९४३ साली ते उपकरणे घेऊन काश्मीरच्या उंच पर्वतांवर गेले. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांची ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांच्याशी ओळख झाली. ही ओळख पुढे एका मोठ्या संस्थेच्या जन्माला कारण ठरली.

या मोजणीत किती धीर लागतो, हे व्यवहारी माणसाला साध्या हिशेबाने समजू शकेल. विश्वकिरणांच्या संख्येतील दैनिक बदल एक टक्क्याहूनही कमी असतो. दहा हजार कण मोजले, तर निव्वळ योगायोगाने त्यात शंभरएक इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे चूकच एक टक्क्याची. दहा लाख मोजले, तर योगायोगाचा फरक हजाराचा, म्हणजे एक दशांश टक्का होतो. एवढा सूक्ष्म बदल खात्रीने सांगावयाचा तर लक्षावधी कण मोजणे आले. शिवाय हवेचा दाब वाढला की खाली येणारे कण कमी होतात. त्यामुळे रोज वायुभारमापकाची नोंद घेऊन आकडे दुरुस्त करावे लागतात. हे न करता काढलेला निष्कर्ष म्हणजे काट्याचा दोष न तपासता केलेले वजन होय. हा बदल खरोखर अवकाशातील आहे की हवामानातील, याविषयी जगभर वाद होता. त्याला उत्तर म्हणून विक्रमभाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अधिक नेमकी उपकरणे तयार केली आणि मोजणी चालू ठेवली. मोजल्याशिवाय मानावयाचे नाही आणि मोजल्यावर आढळले ते नाकारावयाचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरली ती येथे.

१९४२ साली त्यांचा विवाह विख्यात नर्तकी मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी मद्रास येथे झाला. देशात 'छोडो भारत' आंदोलन पेटले होते आणि साराभाई कुटुंबीय त्यात गुंतले असल्याने घरची मंडळी विवाहास उपस्थित राहू शकली नाहीत. युद्ध संपल्यावर विक्रमभाई पुन्हा केंब्रिजला गेले. उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांच्या संशोधनावर १९४७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते स्वतंत्र होत असलेल्या भारतात परतले.

संस्था उभारणे आणि सोपविणे

त्यावेळी विक्रमभाईंचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी अहमदाबाद येथे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची स्थापना झाली. आरंभी महात्मा गांधी सायन्स इन्स्टिट्यूटमधील काही खोल्यांतच तिचे काम चाले. साराभाई कुटुंबाच्या न्यासाबरोबर अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने तिचा भार उचलला. या सोसायटीचे आधारस्तंभ होते शेठ कस्तुरभाई लालभाई. आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख आणि राणकपूर व देलवाड्याच्या जीर्णोद्धाराचे प्रेरक म्हणून ते जैन समाजाला परिचित आहेत. प्राचीन मंदिरांचा उद्धार करणारे हेच हात विज्ञानाच्या नव्या मंदिरालाही लागले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

लॅबोरेटरीचे संस्थापक विक्रमभाई असले तरी संचालकपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. पुण्याच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या डॉ. रामनाथन यांना त्यांनी सन्मानाने बोलावले आणि स्वतः विश्वकिरणांचे प्राध्यापक म्हणून त्यांच्या हाताखाली काम केले. डॉ. रामनाथन यांनी सुमारे अठरा वर्षे ते पद भूषविले. आपल्या कुटुंबाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेत दुसऱ्याला प्रमुख नेमून आपण दुय्यम स्थान घेणे, हे बोलण्याइतके सोपे नाही.

त्याच सुमारास अहमदाबादच्या कापड उद्योगासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था सुरू झाली. कापड धंद्यात तोवर ज्येष्ठ कारागिराचा अनुभव हाच शब्द अखेरचा मानला जाई. सूत का तुटते, यंत्र किती वेळ रिकामे राहते, कापसाच्या कोणत्या मिश्रणाने किती लाभ होतो, हे मोजून पाहण्याची पद्धत रूढ नव्हती. विक्रमभाईंनी अटिरात तरुण शास्त्रज्ञ नेमले. त्यांतील अनेकांनी पूर्वी गिरणीचे तोंडही पाहिले नव्हते. अनुभवी मंडळींना हे विचित्र वाटले. परंतु पूर्वग्रह नसलेली नजर आणि मोजण्याची शिस्त या दोन गोष्टींवर विक्रमभाईंचा विश्वास होता. विश्वकिरणांच्या प्रयोगशाळेतील पद्धत त्यांनी गिरणीच्या खात्यात आणली. अटिराचे मानद संचालक म्हणून त्यांनी १९५६ पर्यंत काम पाहिले आणि संस्था स्वतःच्या पायावर उभी राहताच ते बाजूला झाले.

१९६१ साली अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या बाबतीतही हेच घडले. पहिली काही वर्षे त्यांनी मानद संचालक म्हणून धुरा वाहिली आणि १९६५ साली अडतीस वर्षांच्या रवि मथाई यांच्या हाती ती सोपविली. अपरिग्रह म्हणजे केवळ धनाचा त्याग नव्हे. आपण निर्माण केलेल्या गोष्टीवरील ममत्व सोडणे हा अपरिग्रहाचा अधिक कठीण प्रकार होय, आणि तो विक्रमभाईंना साधला होता.

थुंबा येथील प्रारंभ

विश्वकिरणांचा अभ्यास करताना एक मर्यादा पदोपदी जाणवत असे. वातावरणाच्या तळाशी बसून अवकाश पाहणे म्हणजे नदीच्या तळाशी राहून आकाश पाहणे. उपकरणे हवेच्या वर नेली पाहिजेत, ही निकड विज्ञानातूनच निर्माण झाली. १९६२ साली विक्रमभाईंच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. केरळमधील तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडण्यात आले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते.

त्या जागेवर सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होते आणि सभोवती कोळी बांधवांची वस्ती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या सहकार्याने त्या समाजाने आपले प्रार्थनास्थळ विज्ञानासाठी दिले. चर्चची इमारत हेच पहिले कार्यालय झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. अग्निबाण अमेरिकेचा आणि त्यातील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे होते, तर या केंद्राला सोव्हिएत रशियानेही साहाय्य केले. सायंकाळच्या आकाशात केशरी ढग उमटला. परस्परांवर शस्त्रे रोखून बसलेली राष्ट्रे एका भारतीय खेड्याच्या वाळूवर एकत्र आली होती.

ज्या देशात कोट्यवधी लोकांना पोटभर अन्न नाही त्याने आकाशाकडे का पाहावे, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. विक्रमभाईंनी तो टाळला नाही. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या स्पर्धेत भारताने उतरावे, असे त्यांना वाटत नव्हते. मात्र उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापर्यंत शिक्षण, शेतीची माहिती आणि हवामानाचा अंदाज पोहोचविता येईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १९६९ साली त्यासाठी अमेरिकेशी करार झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतीय अवकाश संशोधन संस्था, अर्थात इस्रो, अस्तित्वात आली. १९७५-७६ मध्ये या करारानुसार सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोहोचले. तो दिवस पाहण्यास विक्रमभाई हयात नव्हते.

अणुशक्ती आणि अहिंसा

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात डॉ. होमी भाभा यांचे निधन झाले. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आले. काळ कसोटीचा होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुबॉम्बची चाचणी केली होती आणि भारतानेही बॉम्ब बनवावा, असा जोरदार आग्रह देशात सुरू होता.

जैन कुळात जन्मलेल्या, गांधीजींना घरात पाहिलेल्या या शास्त्रज्ञाच्या हाती आता अणूची शक्ती होती. विक्रमभाईंनी भावनेच्या भरात भूमिका घेतली नाही. येथेही त्यांनी हिशेब मांडला. एक बॉम्ब फोडून दाखविणे म्हणजे संरक्षण नव्हे. त्यामागे विमाने, क्षेपणास्त्रे, टेहळणी यंत्रणा आणि ती सर्व पोसणारा सबळ उद्योग लागतो, आणि तो भार उचलताना देशाचा विकास खुंटला तर आतूनच दुर्बळता येते, असे त्यांनी १९६६ साली जाहीरपणे मांडले. त्यांच्यावर कठोर टीका झाली. अणुऊर्जा खात्यातही त्यांच्याशी सहमत नसलेले मोठे शास्त्रज्ञ होते. पुढे १९७४ साली आणि नंतर १९९८ साली देशाने वेगळा मार्ग स्वीकारला. विक्रमभाईंची भूमिका योग्य होती की नाही, याविषयी आजही दोन मते असू शकतात. परंतु अधिकाराच्या सर्वोच्च स्थानी असताना लोकप्रिय नसलेले मत शांतपणे मांडण्यास जे धैर्य लागते, ते त्यांनी दाखविले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

अखेरचा प्रवास

अणुऊर्जा आयोग, अवकाश कार्यक्रम, अहमदाबादची लॅबोरेटरी आणि कुटुंबाचे उद्योग अशी अनेक व्यवधाने घेऊन विक्रमभाई अखंड प्रवास करीत राहिले. १९७० साली त्यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या महासभेचे अध्यक्षपद भूषविले. एवढ्या धावपळीतही विश्वकिरणांवर संशोधन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते वेळ काढीत. ज्यांनी एकामागून एक संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपविल्या, त्यांना शेवटच्या वर्षांत हा भार मात्र खाली ठेवता आला नाही. शरीराने त्याची किंमत मागितली.

डिसेंबर १९७१ च्या अखेरीस ते थुंबा येथील कामाच्या पाहणीसाठी गेले होते. दिल्लीहून येणाऱ्या तरुण अभियंता ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याशी त्यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि तिरुवनंतपुरम विमानतळावर भेटावयाचे ठरले. ती भेट झाली नाही. कलाम उतरले तेव्हा त्यांच्या कानी पडली ती विक्रमभाईंच्या निधनाची वार्ता. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथील मुक्कामी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली होती. वय होते अवघे बावन्न वर्षे. १९६६ साली पद्मभूषण मिळालेल्या विक्रमभाईंना १९७२ साली मरणोत्तर पद्मविभूषण देऊन राष्ट्राने गौरविले.

अपुरा राहिलेला प्रश्न

विश्वकिरण कोठून येतात, या प्रश्नाचे उत्तर विक्रमभाईंच्या हयातीत मिळाले नाही. परंतु त्याच काळात त्या प्रश्नाशी जोडलेले एक नवे दार नकळत उघडले होते. अवकाशात कोणी चोरून अणुचाचणी करते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'व्हेला' नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा एक तीव्र झोत आढळला. तो कोणत्याही बॉम्बचा नव्हता. अशा झोतांचा उगम दूर अवकाशात आहे, हे १९७३ साली जाहीर झाले, विक्रमभाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. हेच गॅमा किरण स्फोट होत. एखाद्या महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर होताना ते घडतात. आपला सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी ऊर्जा अशा स्फोटातून काही सेकंदांत बाहेर पडू शकते.

दुसरीकडे, विश्वकिरणांत अकल्पित ऊर्जेचे कणही सापडू लागले. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत असा एक कण नोंदला गेला की, ताशी सुमारे नव्वद किलोमीटर वेगाने फेकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा त्या एका अतिसूक्ष्म कणात सामावली होती. असे कण गॅमा किरण स्फोटांत तयार होत असावेत, अशी कल्पना १९९५ साली मांडली गेली. ती खरी असेल तर त्याच स्फोटांतून उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनोही निघाले पाहिजेत. न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो सरळ येतो आणि आपल्या उगमाचा पत्ता पुसू देत नाही. विश्वकिरणांमुळे हवेत निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ साली आपल्याच देशातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रथम नोंदले गेले होते.

दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात उभारलेल्या 'आइसक्यूब' या यंत्रणेने २०१३ साली दूर अवकाशातून आलेले उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो सापडल्याचे जाहीर केले. मात्र ते गॅमा किरण स्फोटांशी जुळले नाहीत. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट दिसला, तेव्हाही त्यासोबत न्यूट्रिनो आढळला नाही. सुंदर वाटणारी कल्पनाही मोजणीसमोर नमते. शोध संपलेला नाही, आणि विक्रमभाईंच्या परंपरेला शोभेल असेच हे आहे.

त्या परंपरेचे वारस आज कार्यरत आहेत. विश्वकिरणांवर त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेले डॉ. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही अवकाश वेधशाळा पाठविली. तिच्यावरील एका उपकरणाने २०२३ च्या अखेरपर्यंत सहाशे गॅमा किरण स्फोट टिपले होते. त्या उपकरणाच्या कामात अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सहभागी आहे आणि त्याच्या नोंदी हाताळण्याचे केंद्र पुण्यातील आयुका या संस्थेत आहे. ज्या पुण्यात एक तरुण गायगर नळ्यांतून जाणारे कण मोजीत बसला होता, त्याच पुण्यात आज तोच शोध पुढे चालू आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरलेल्या यानाचे नावही 'विक्रम' हेच होते.

जैन दर्शनात परमाणूचा सूक्ष्म विचार आहे म्हणून विक्रमभाई शास्त्रज्ञ झाले, असा ओढूनताणून संबंध जोडण्याचे कारण नाही. त्यांचे जैनत्व त्यांच्या वृत्तीत शोधावे. पारखल्याशिवाय न स्वीकारणे, दुसऱ्याची बाजू ऐकणे, शक्ती हाती असताना संयम राखणे आणि उभारलेले योग्य हाती सोपवून निघून जाणे, या चार गोष्टी त्यांनी आचरणात आणल्या. संस्थेचे आयुष्य संस्थापकाच्या आयुष्याहून मोठे असावे लागते. त्यासाठी संस्थापकाने वेळीच मागे सरावे लागते. पन्नास वर्षांचा टप्पा गाठणाऱ्या कोणत्याही न्यासाने आपल्या पुढील पिढीकडे पाहताना विक्रमभाईंच्या जीवनातील हा धडा ध्यानी ठेवावा. विश्वकिरणांच्या या थोर साधकास विनम्र अभिवादन !